रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

पर्यावरणाचा पाठ शिकवताना आपण दरवर्षी फळ्यावर एक यादी लिहितो. एका बाजूला नामशेष झालेले प्राणी, दुसऱ्या बाजूला नामशेष होण्याच्या वाटेवर असलेले. डोडो, भारतातला आशियाई चित्ता, गुलाबी डोक्याचे बदक, माळढोक, गिधाड. मुले ती उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. पण एखाद्या वर्षी वर्गात असा एखादा मुलगा किंवा मुलगी निघते, जी हात वर करून विचारते, "बाई, एखादा पक्षी नामशेष झाला हे ठरवतं कोण? कुठेतरी रानात एखादा उरलेला असला तर?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर सोपे नाही. एखादा पक्षी आहे, हे सिद्ध करायला एक पक्षी दाखवला की पुरते. तो नाही, हे सिद्ध कसे करायचे? सारे रान एकाच वेळी कोणी पाहू शकत नाही. आपण एवढेच म्हणू शकतो की तो शेवटचा अमुक वर्षी, अमुक ठिकाणी दिसला होता, त्यानंतर शोध घेतला, पण सापडला नाही. म्हणजे सगळा भार येऊन पडतो तो 'शेवटच्या खात्रीच्या नोंदी'वर. ती नोंदच चुकीची असली तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्या खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका छोट्या घुबडाच्या बाबतीत तो खरोखरच उभा राहिला. या घुबडाचे नाव रानपिंगळा. तब्बल ११३ वर्षे तो कोणालाही खात्रीने दिसला नव्हता, आणि तो पुन्हा सापडण्यापूर्वी संग्रहालयातल्या एका खोट्या चिठ्ठीचा उलगडा व्हावा लागला. ती हकिगत आपण या लेखात पाहू.

पिंगळा आणि रानपिंगळा

पिंगळा आपल्या ओळखीचा आहे. गावाजवळच्या वडा-चिंचेच्या ढोलीत राहणारे, संध्याकाळी तारेवर येऊन बसणारे, चिर्र-चिर्र असा कलकलाट करणारे हे ठिपकेदार लहान घुबड. पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपल्याकडे पिंगळाच म्हणतात. पक्ष्याच्या आवाजावरून शकुन-अपशकुन पाहण्याची जुनी रीत आहे, तिचा आणि या नावाचा संबंध आहे.

रानपिंगळा हा या पिंगळ्याचा रानातला भाऊबंद. आकाराने जवळपास तेवढाच, सुमारे २३ सेंटिमीटर. पण नीट पाहिले तर फरक कळतो. पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, करडी-तपकिरी असते. त्याच्या छातीवर गडद रुंद पट्टा असतो, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पांढरे आडवे पट्टे असतात. डोके, चोच आणि नख्या शरीराच्या मानाने दणकट, आणि पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. हे फरक लक्षात ठेवावेत, कारण पुढे त्यांचे काम पडणार आहे.

ह्यूमसाहेबांचे जाळे

या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. १८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला ते भेटतात. पण त्याआधी ब्रिटिश सरकारच्या सनदी सेवेत असताना ते भारतातल्या पक्ष्यांचे सर्वांत मोठे अभ्यासक होते. देशभर पसरलेले अधिकारी, डॉक्टर, अभियंते, भूशास्त्रज्ञ यांच्याकडून ते पक्षी मागवत, अंडी मागवत, टिपणे मागवत. 'स्ट्रे फेदर्स' नावाचे पक्षिशास्त्राचे नियतकालिक ते स्वतः चालवत.

१८७२ च्या डिसेंबरात त्यांच्या ब्ल्यूईट नावाच्या सहकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागातून एक वेगळेच लहान घुबड पाठवले. १८७३ साली ह्यूम यांनी ती नवी जाती म्हणून जाहीर केली आणि ब्ल्यूईटचे नाव तिला दिले. पक्षी इतका वेगळा वाटला की त्यांनी त्याच्यासाठी 'हेटेरोग्लॉक्स' ही स्वतंत्र प्रजाती, म्हणजे जातींचा नवा गटच, कल्पिला. (पुढे २०१८ साली जनुकीय तपासणीने दाखवले की हा पक्षी नेहमीच्या पिंगळ्याच्या गटातलाच, 'अथीनी'तलाच आहे.)

त्यानंतर भूशास्त्रज्ञ व्हॅलेंटाईन बॉल यांना आजच्या ओडिशातल्या खरियार भागात एक रानपिंगळा मिळाला. आणि मग तो दिसला थेट आपल्याकडे, पश्चिम खानदेशात. तेथे जेम्स डेव्हिडसन नावाचे सनदी अधिकारी होते. त्यांना पक्ष्यांचा मोठा नाद. १८८० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या रानातून काही रानपिंगळे मिळवले. १८८४ सालचा नमुना हा त्यांतला शेवटचा.

जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे नमुने भरले अवघे सात. त्यांतले बहुतेक डेव्हिडसनचे. फुलझरपासून खानदेशापर्यंत आठशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि एवढ्या मोठ्या प्रदेशातल्या एका जातीबद्दलचे आपले सगळे ज्ञान त्या सात कातड्यांवर उभे होते.

चिठ्ठीचे मोल

येथे थोडे थांबून संग्रहालयातला पक्षी म्हणजे काय हे पाहू. त्या काळी दुर्बिणी कमी प्रतीच्या होत्या, रानातल्या पक्ष्याचे छायाचित्र घेण्याची सोय नव्हती. पक्षी ओळखायचा तर तो बंदुकीने पाडायचा हीच पद्धत होती. पाडलेल्या पक्ष्याच्या पोटाला चीर देऊन आतले मांस काढत, कातडीला कीड लागू नये म्हणून आतून सोमल असलेला साबण चोळत, आत कापूस भरत आणि चीर शिवून टाकत. शेवटी पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, आणि पक्षी मिळवणाऱ्याचे नाव.

आज आपल्याला ही पद्धत क्रूर वाटते, आणि मुलांनी तसे म्हटले तर त्यांना गप्प करू नये. पण त्या कातड्यांचा उपयोग कशामुळे होतो हेही त्यांना सांगावे. पक्षी कितीही सुंदर भरलेला असो, चिठ्ठी नसेल तर तो शोभेची वस्तू ठरतो. चिठ्ठी असेल तर तो पुरावा होतो. दीडशे वर्षांपूर्वी एका विशिष्ट दिवशी एका विशिष्ट जागी हा पक्षी जिवंत होता, एवढी मोठी गोष्ट ती बोटभर चिठ्ठी सांगते.

ह्यूम यांना कागदाचे मोल फार कडू अनुभवातून कळले. त्यांनी वर्षानुवर्षे लिहिलेली पक्ष्यांविषयीची हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून एका नोकराने रद्दीत विकून टाकली. त्यानंतर त्यांचे मन या कामातून उडाले. १८८५ साली त्यांनी आपला सुमारे ८२,००० नगांचा, कातडी आणि अंड्यांचा, संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

एकशे तेरा वर्षे

डेव्हिडसननंतर रानपिंगळा जणू गडप झाला. विसाव्या शतकात भारतातल्या पक्षिशास्त्राची धुरा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने वाहिली. डॉ. सालिम अली यांनी देश पायाखाली घातला. पण रानपिंगळा त्यांनाही भेटला नाही. १९७० च्या दशकात सालिम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ली यांनी त्याचा शोध घेतला. यश आले नाही. सालिम अलींनी त्याचे नाव भारतातल्या 'गूढ पक्ष्यां'मध्ये घातले.

शोध घेणाऱ्याच्या हातात काय होते ते पाहा. सात कातडी, त्यांच्या चिठ्ठ्या, आणि जुन्या अधिकाऱ्यांची दोन-चार ओळींची टिपणे. पुस्तकांतून त्याचे वसतिस्थान म्हणून दमट पानझडी रान आणि ओढ्याकाठच्या रानआंब्यांच्या राया सांगितल्या जात. आवाज माहीत नव्हता. तो कधी जागा असतो, काय खातो, घरटे कुठे करतो, काहीच माहीत नव्हते. आणि घुबड म्हटल्यावर कोणीही आधी रात्रीचाच विचार करणार.

असा गोंधळ दुसऱ्या एका पक्ष्याच्या बाबतीतही झाला होता. आंध्रातला जेर्डनचा धाविक १९०० नंतर दिसला नव्हता. १९८६ साली तो कडप्पा जिल्ह्यात सापडला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोहिमेत. तेथे शास्त्रज्ञांनी पक्ष्याची चित्रे स्थानिक लोकांना दाखवली, आणि पक्षी पकडणाऱ्या एका स्थानिक माणसाने रात्री विजेरीच्या उजेडात तो पकडला. धाविक कुळातला म्हणून जो दिवसा शोधायचा, तो निघाला निशाचर! रानपिंगळ्याची गोष्ट याच्या बरोबर उलट ठरणार होती, पण ते कळायला अजून अवकाश होता.

कर्नलसाहेबांचा नमुना

या सातांपैकी एक नमुना बाकीच्यांपेक्षा वेगळा होता. त्याच्या चिठ्ठीवर साल होते १९१४ आणि गाव होते गुजरातमधले तापीकाठचे मांडवी. मिळवणाऱ्याचे नाव होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन.

या एका चिठ्ठीचे वजन मोठे होते. तिच्यामुळे रानपिंगळ्याची शेवटची नोंद १८८४ वरून १९१४ वर आली. तिच्यामुळे त्याच्या नकाशात गुजरात आले. शहाद्यापासून मांडवी पश्चिमेला सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. कोणी शोधायला निघाला तर सर्वांत ताजी नोंद जिथली, तिथे आधी जाणार, हे उघड आहे.

माइनर्ट्‌झहागन हे लहान नाव नव्हते. ते ब्रिटिश सैन्यातले गुप्तवार्ता अधिकारी. इजिप्त आणि अरबस्तानातल्या पक्ष्यांवर त्यांचे ग्रंथ आहेत. १९३७ साली सालिम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या पक्षी-मोहिमेवर गेले होते. १९५४ साली त्यांनी आपला सुमारे २०,००० कातड्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. १९६७ साली ते वारले तेव्हा त्यांची कीर्ती मोठी होती.

पण त्या कीर्तीला एक काळी किनारही होती. संग्रहालयातल्या जुन्या लोकांत त्यांच्याविषयी कुजबुज असे. ते येऊन गेले की काही नमुने जागेवर नसतात, असा संशय होता, आणि त्यांना पक्षी-विभागात येण्यास काही काळ बंदीही करण्यात आली होती. तरीही त्यांच्या मृत्यूनंतर पाव शतक हा विषय उघडपणे कोणी काढला नाही. १९९३ साली अॅलन नॉक्स या ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञाने त्यांच्या संग्रहातले काही नमुने तपासून लिहिले की त्यांच्या चिठ्ठ्यांवरची माहिती खोटी आहे.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नामांकित माणसाने लिहिले म्हणून आपण मान्य करतो, आणि विज्ञान शिकवताना मात्र 'पुरावा पाहा' असे सांगतो. या प्रकरणात अनेक विद्वानांची गत हीच झाली. संशय होता, पण तपास करायला कोणी धजले नाही.

कापसाची साक्ष

त्याच सुमारास पामेला रासमुसेन ही अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या एका मोठ्या मार्गदर्शक ग्रंथावर काम करत होती. रिप्ली यांनी हे काम सुरू केले होते. कोणता पक्षी कुठे आढळतो याचे नकाशे करायचे, तर प्रत्येक जुनी नोंद पारखून घ्यावी लागणार. तेव्हा माइनर्ट्‌झहागन यांचे नमुने तिच्यापुढे आले. ब्रिटिश सहकारी नायजेल कॉलर यांच्याबरोबर तिने रानपिंगळ्याचा तो नमुना तपासायला घेतला.

चिठ्ठी खोटी लिहिता येते. मग खरे सांगणार कोण? पक्षी स्वतः. प्रत्येक संग्राहकाची पक्षी भरण्याची एक ढब असते, जसे प्रत्येकाचे अक्षर वेगळे असते. कोणी चीर कुठे देतो, कापूस किती आणि कसा भरतो, कवटीतली कोणती हाडे ठेवतो, टाका कसा घालतो, यात सवयीचा हात दिसतो. डेव्हिडसनचा हातही असाच ओळखू येण्यासारखा होता. मांडवीच्या नमुन्याची क्ष-किरण छायाचित्रे घेतली, बारकाईने तपासणी केली, तेव्हा दिसले की तो एकदा भरलेला पक्षी पुन्हा उसवून, नव्याने भरून, नव्याने शिवलेला आहे. आणि आत जुन्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या. तो हात डेव्हिडसनचा होता.

अर्थ स्पष्ट होता. १८८० च्या दशकात डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेला एक रानपिंगळा कोणीतरी तेथून नेला होता, त्याचे रूप बदलले होते आणि १९१४, मांडवी अशी चिठ्ठी बांधून स्वतःच्या नावावर लावला होता. हा तपास १९९९ साली 'आयबिस' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध झाला.

एका चोरीत दोन नुकसाने झाली. मांडवीची खोटी नोंद तयार झाली, आणि खानदेशातली खरी नोंद पुसली गेली. खानदेशातल्या पुराव्यातला एक आकडा कमी झाला आणि भलत्या ठिकाणी एक वाढला. सातच नमुने असताना एक इकडचा तिकडे होणे म्हणजे केवढा फरक! आणि शेवटची खात्रीची नोंद पुन्हा १८८४ वर गेली.

शहाद्याची सकाळ

आता मांडवी यादीतून बाद झाले. उरली ती बॉल आणि ब्ल्यूईट यांची पूर्वेकडची ठिकाणे आणि डेव्हिडसनचे खानदेश. रासमुसेन, न्यूयॉर्कच्या संग्रहालयातले बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. निघण्यापूर्वी त्यांनी खरे नमुने डोळ्यांखालून घातले होते. छातीचा पट्टा, बिनठिपक्यांचे डोके, पायांवरची पिसे, सगळे पाठ केले होते.

आधी त्यांनी पूर्वेकडची जुनी ठिकाणे पाहिली. तेथे पक्षी मिळाला नाही. मग ते खानदेशात उतरले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, चांगले ऊन पडलेले असताना, एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर एक लहान घुबड बसलेले दिसले. दिवसाढवळ्या, उघड्यावर! डोक्यावर ठिपके नव्हते. छातीवर गडद पट्टा होता. पोट पांढरे होते. त्यांनी त्याची छायाचित्रे आणि चित्रफीत घेतली. ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा शास्त्राच्या नोंदीत आला, आणि या वेळी बंदुकीचा बार न होता आला.

पक्षी मात्र कुठे गेलेला नव्हता. तो त्याच रानात पिढ्यानपिढ्या राहत होता. जे हरवले होते, ते आपले त्याच्याविषयीचे ज्ञान होते.

सापडल्यानंतर

शोध लागला आणि मग खरे काम सुरू झाले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि डॉ. असद रहमानी यांनी पुढच्या दोन वर्षांत खानदेश, मेळघाट आणि लगतच्या मध्य प्रदेशात पाहणी केली. पुढे प्राची मेहता, जयंत कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी मेळघाटात आणि मध्य भारतात त्याचा दीर्घ अभ्यास केला. तोरणमाळचे रान, यावल, मध्य प्रदेशातले खकनार, मेळघाट अशी त्याची घरे एकेक करून नकाशावर आली. मेळघाट हे त्याचे सर्वांत मोठे आश्रयस्थान आहे.

आता आपल्याला माहीत आहे की तो बऱ्याच अंशी दिवसा शिकार करतो. सागाच्या विरळ, कोरड्या पानझडी रानात तो उंच फांदीवर बसतो, शेपटी भराभर डाव्या-उजव्या बाजूला हलवतो, आणि सरडे, उंदीर, टोळ, लहान पक्षी पकडतो. झाडांच्या ढोल्यांत अंडी घालतो. म्हणजे त्याला मोकळी जागा हवी आणि ढोली असलेली जुनी झाडेही हवीत. सगळे रान तोडले तर तो जगत नाही, आणि जुनी, वाकडी, पोकळ झाडे 'निरुपयोगी' म्हणून काढली तरी जगत नाही. पुस्तकातल्या 'दमट रान, ओढ्याकाठ' या दोन शब्दांच्या आधारे त्याला वाचवायला निघालो असतो, तर आपण चुकीचे रान राखले असते!

२०१४ साली तो ठाणे-पालघरकडच्या तानसा अभयारण्यात दिसला, म्हणजे सातपुड्यापासून दूर, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या रानात. त्याच सुमारास गुजरातमधल्या डांग भागातल्या पूर्णा अभयारण्यातही त्याची खात्रीची नोंद झाली.

येथे वर्गात चर्चेला घेण्याजोगा एक मुद्दा आहे. पूर्णा अभयारण्य दक्षिण गुजरातेत आहे आणि मांडवीपासून फार दूर नाही. मग माइनर्ट्‌झहागन यांची चिठ्ठी खरीच ठरली म्हणायची का? नाही. उत्तर पाहून आकडेमोड लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर बरोबर असले तरी त्याला गणित आले असे आपण म्हणत नाही. गुजरातेत रानपिंगळा आहे हे आज आपल्याला माहीत आहे, ते तेथे तो प्रत्यक्ष पाहिला गेला म्हणून. १९१४ च्या चिठ्ठीमुळे नव्हे. खोटी नोंद योगायोगाने सत्याच्या जवळ पडली, तरी ती पुरावा होत नाही.

धोका अजून आहे

रानपिंगळा सापडला म्हणून तो वाचला असे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात ठेवले. जागतिक लाल यादीत तो बरीच वर्षे 'अतिसंकटग्रस्त' या गटात होता. पाहणीतून नवी ठिकाणे कळल्यावर २०१८ साली त्याला एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' गटात आणले गेले. तरीही प्रौढ पक्ष्यांचा अंदाज एक हजाराच्या आतलाच आहे. आपल्या एखाद्या मोठ्या शाळेच्या पटावरची मुले यापेक्षा जास्त असतात.

डेव्हिडसनच्या काळी सातपुड्याच्या पायथ्याशी सपाटीवर पसरलेले रान शेती आणि वृक्षतोड यांमुळे आकसत गेले. उरलेले रान तुकड्यातुकड्यांत आहे. उन्हाळ्यातल्या वणव्यांत ढोल्यांची जुनी झाडे जळतात. भर म्हणून घुबडाविषयीच्या अंधश्रद्धा आहेत. जादूटोण्यासाठी घुबडे मारली जातात, त्यांची अंडी आणि अवयव वापरले जातात. ज्या पक्ष्याचे घरटे शेताशेजारच्या सागात असते आणि जो शेतातले उंदीर आणि टोळ खातो, त्यालाच आपण अपशकुनी म्हणतो.

सातपुड्यात भिल्ल, पावरा, कोरकू अशी माणसे पिढ्यानपिढ्या राहतात. त्यांच्या घरांचा, शेतीचा, लाकूडफाट्याचा विचार बाजूला ठेवून तेथे कोणत्याच पक्ष्याचे रक्षण होणार नाही. जेर्डनचा धाविक ज्याने पकडून दिला त्याच्यासारखी, रान रोज पाहणारी माणसेच उद्या रानपिंगळ्याचेही खरे राखणदार होऊ शकतात.

आपली वही

हे सारे वाचून शिक्षकमित्र म्हणतील, यात आमच्या शाळेने काय करायचे? आमच्या मते शाळेला करण्याजोगी गोष्ट अगदी जवळची आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत निसर्ग मंडळ असते. मुले पक्ष्यांच्या नोंदी ठेवतात. अलीकडे मोबाइलवरूनही पक्ष्यांच्या नोंदी पाठवता येतात आणि अशा लाखो नोंदींवरून शास्त्रज्ञ नकाशे तयार करतात. म्हणजे एके काळी ह्यूम यांच्या जाळ्यातल्या अधिकाऱ्यांनी केलेले काम आज सातवी-आठवीतली मुलगी करू शकते. तेव्हा तिची वही ही डेव्हिडसनच्या चिठ्ठीइतकीच महत्त्वाची आहे, हे तिला सांगायला हवे.

ते सांगायचे कसे? आमच्या मनात चार साध्या सवयी येतात. पहिली, जागेवरच लिहायचे. घरी जाऊन आठवून नाही. दुसरी, पक्ष्याचे नाव लिहिण्याआधी काय दिसले ते लिहायचे. 'रानपिंगळा' असे न लिहिता 'लहान घुबड, डोक्यावर ठिपके नाहीत, छातीवर गडद पट्टा, सकाळी साडेआठ, सागाच्या शेंड्यावर' असे लिहायचे. नाव चुकले तरी वर्णन उरते आणि दुसरा कोणी ते तपासू शकतो. तिसरी, खात्री नसेल तर तसे लिहायचे. 'बहुधा' हा शब्द विज्ञानात लाजिरवाणा नाही. चौथी आणि मुलांना सर्वांत जड जाणारी, काही दिसले नाही तर 'दिसले नाही' असे लिहायचे. ज्या दिवशी काही दिसत नाही, त्या दिवसाची नोंदही कामाची असते. पक्षी कमी होत चालले आहेत हे पुढे त्याच नोंदींवरून कळते.

आणि आणखी एक गोष्ट आपल्या स्वतःसाठी. मुले खोटी नोंद बहुतेक वेळा वाईट हेतूने करत नाहीत. दुसऱ्याच्या वहीत वीस पक्षी आहेत आणि आपल्या वहीत सहाच, म्हणून करतात. आपण गुण वीस पक्ष्यांना देत असू, तर खोट्या चिठ्ठ्या लिहायला आपणच शिकवतो आहोत. सहाच पक्षी, पण नीट पाहिलेले, नीट लिहिलेले, ज्या वहीत आहेत, ती वही वर्गात वाचून दाखवली तर मुलांना कळेल की आपण मोल कशाचे करतो.

तेव्हा 'नामशेष झाला हे ठरवतं कोण?' असे विचारणाऱ्या मुलीला उत्तर देताना आपल्याला म्हणता येईल, "नोंदी ठेवणारे ठरवतात बाळ. म्हणून तू तुझी नोंद खरी ठेव."